सूक्ष्मजंतुजन्य पॉलिएस्टरे

काही सूक्ष्मजंतू आपल्या कोशिकांमध्ये कार्बनाचा व ऊर्जेचा साठा म्हणून पॉलिएस्टर वर्गातील जी बहुवारिके (लहान रेणू साखळीसारखे एकमेकांस जोडले जाऊन बनलेली प्रचंड रेणूंची संयुगे) साठवितात, त्यांना सूक्ष्मजंतुजन्य पॉलिएस्टरे म्हणतात. रासायनिक दृष्ट्या ती हायड्रॉक्सी अम्लांची बहुवारिके असून पॉलिहायड्रॉक्सिअल्कॅनोएटे या नावाने ओळखली जातात. ती उष्णतेने मऊ होतात व साच्यात घालून त्यांना हवा तो आकार देता येतो. माती, कंपोस्ट खत व समुद्राचे पाणी यांतील सूक्ष्मजंतू त्यांचे विघटन करू शकतात. प्लॅस्टिकांना पर्याय म्हणून त्यांचा विचार होतो तो यामुळेच. परंतु हा पर्याय कितपत उपयोगी पडेल, हे मुख्यत्वे त्यांच्या यांत्रिक गुणधर्मांवर अवलंबून असते.

यांपैकी पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट हे सर्वांत परिचित असून ते बॅसिलस मेगॅटेरियम या सूक्ष्मजंतूत मॉरिस लमवान्य या फ्रेंच शास्त्रज्ञांना १९२६ च्या सुमारास आढळले. नायट्रोजन अथवा फॉस्फरस यांची टंचाई व कार्बनाची विपुलता असली की, सूक्ष्मजंतू त्याचे कण साठवू लागतात. क्युप्रियाव्हिडस नेकॅटर या जातीत अनुकूल परिस्थितीत हा साठा कोशिकेच्या शुष्क वजनाच्या सु. ८० टक्क्यांपर्यंत जातो.

यांत्रिक गुणधर्म : पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटाचा वितळबिंदू सु. १७५°–१८०° से., ताणबल सु. ४० मेगापास्काल व स्थितिस्थापकता गुणांक सु. ३·५ गिगापास्काल असतो. वितळबिंदू व ताणबल या बाबतींत ते पॉलिप्रोपिलिनाच्या जवळपास येते, तर ताठरपणात त्याहून सरस ठरते. मात्र पॉलिप्रोपिलीन तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या कित्येक पट ताणले जाते, तर पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटाची लांबी जेमतेम ५ टक्के वाढते. म्हणजे ते बळकट पण ठिसूळ असते.

या ठिसूळपणाचे मूळ त्याच्या रेणूंच्या नियमितपणात आहे. एंझाइमांच्या द्वारे बनलेल्या शृंखलेतील प्रत्येक घटकाची अवकाशीय रचना सारखीच असते. त्यामुळे शृंखला सहजपणे स्फटिकांत रचल्या जातात व पदार्थाचा ६० ते ८० टक्के भाग स्फटिकी होतो. शिवाय हा पदार्थ अतिशय शुद्ध असल्याने स्फटिकीभवनाचा आरंभ करणारी केंद्रे त्यात थोडी असतात. परिणामी गोलाकार स्फटिकपुंज थोडे पण मोठे बनतात आणि त्यांत भेगा पडतात. जिवंत कोशिकेतील कणांत मात्र हेच बहुवारिक अस्फटिकी स्थितीत असते. कोशिकेबाहेर काढल्यावर त्याचे स्फटिकीभवन होते.

दुसरे कारण कालमानाचे आहे. अस्फटिकी भागातील शृंखला सु. ४° से. तापमानाखालीच गोठतात. सामान्य तापमानास त्या हालचाल करू शकतात व स्फटिकीभवन सावकाश चालूच राहते. म्हणून साच्यातून नुकतीच काढलेली वस्तू काहीशी लवचिक असली, तरी काही दिवसांत ती ठिसूळ होते. १००° से.हून अधिक तापमानास काही काळ तापवून ठेवल्यास चिवटपणा बराच परत येतो.

आणखी एक अडचण म्हणजे वितळबिंदूच्या थोड्याच वर शृंखला तुटू लागतात, रेणुभार घटतो व त्याबरोबर बळकटीही कमी होते. त्यामुळे साचेकामात तापमानावर काटेकोर नियंत्रण ठेवावे लागते.

सुधारणेचे मार्ग : शृंखलेचा नियमितपणा मोडणे हा प्रमुख उपाय होय. सूक्ष्मजंतूंना ग्लुकोजाबरोबर प्रोपिऑनिक अम्ल दिल्यास हायड्रॉक्सिव्हॅलरेट हा दुसरा घटक शृंखलेत येतो. त्याचे प्रमाण २० टक्के असता वितळबिंदू सु. १४५° से.पर्यंत उतरतो, ताठरपणा घटतो व तुटेपर्यंतची लांबीवाढ सु. ५० टक्के होते. इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीने असे सहबहुवारिक ‘बायोपोल’ या नावाने तयार केले व १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या शांपूच्या बाटल्या बाजारात आल्या. हायड्रॉक्सिव्हॅलरेटाचे घटक मूळ स्फटिकजालकात सामावले जात असल्याने स्फटिकी भाग फारसा कमी होत नाही. याउलट लांब पार्श्वशृंखला असलेला हायड्रॉक्सिहेक्झॅनोएट हा घटक जालकात मावत नाही; म्हणून तो सु. १० टक्के असला, तरी पदार्थ पुष्कळच ताणला जातो. स्यूडोमोनस जातींतील लांब पार्श्वशृंखलांची पॉलिएस्टरे तर रबरासारखी असतात. स्फटिककेंद्रे वाढविण्यासाठी बोरॉन नायट्राइडाची पूड मिसळणे, हा दुसरा उपाय होय. अत्युच्च रेणुभाराचे पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट ताणून जपानी संशोधकांनी १ गिगापास्कालपेक्षा अधिक ताणबलाचे तंतू मिळविले आहेत.

विघटन व उपयोग : विघटन करणारी एंझाइमे अस्फटिकी भागावर आधी व स्फटिकी भागावर सावकाश क्रिया करतात. म्हणजे स्फटिकांचे प्रमाण ताठरपणाबरोबर विघटनाचा वेगही ठरविते. एक बदलले की दुसरे बदलते. त्यामुळे वस्तूने किती काळ टिकावे व नंतर किती लवकर नाहीसे व्हावे, याचा विचार करूनच घटकांची निवड करावी लागते. शस्त्रक्रियेत या गोष्टीचा लाभ होतो. पॉलि-४-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे बळकट व अतिशय ताणक्षम बहुवारिक शरीरात हळूहळू शोषले जाते. त्यापासून केलेल्या टाक्यांच्या दोऱ्यास अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली. वेष्टनाच्या क्षेत्रात मात्र खनिज तेलापासून मिळणाऱ्या प्लॅस्टिकांच्या तुलनेने जास्त असलेला उत्पादनखर्च, हा या पॉलिएस्टरांच्या प्रसारातील मोठा अडथळा आहे.