साताऱ्याची सरासरी नेमकी पडते कुठे?

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती. पाणी ५७ फुटांवर गेले होते. त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्यातल्या जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्या टँकरची वाट पाहत होत्या. जिल्ह्याच्या पावसाच्या सरासरीत मात्र पूर आणि टंचाई दोन्ही दिसेनाशी होतात.

शेजारच्या साताऱ्यात ही दरी आणखी रुंद आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर दुष्काळी माण तालुक्यात पाचशेच्या आसपास.

समजायला सोपे जावे म्हणून पाच पर्जन्यमापकांचे गोल आकडे धरू: ५००, ५००, ६००, ९०० आणि ५,५००. बेरीज ८,०००, सरासरी १,६००. एवढा पाऊस पाचांपैकी एकाही ठिकाणी पडलेला नाही! एकट्या घाटमाथ्याने आकडा वर ओढून नेला. तेच आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला उचलला, तर हाती येतो ६००. हा मध्यक. घाटावर सात हजार मिलिमीटर कोसळला तरी तो जागचा हलत नाही. सरासरी मात्र १,९०० होते.

आता प्रत्येक ठिकाण मूळ सरासरीपासून किती दूर, ते पाहू. चार ठिकाणी तूट: ११००, ११००, १००० आणि ७००. एका ठिकाणी चढ: ३९००. चारही तुटींची बेरीज तेवढीच, ३९००! हा योगायोग नव्हे. कोणतेही आकडे घ्या, सरासरीपासूनच्या विचलनांची बेरीज शून्यच येते.

म्हणून ठिकाणांमधली तफावत मोजायला या विचलनांचे वर्ग करायचे, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि वर्गमूळ घ्यायचे. हे प्रमाण विचलन. इथे ते सुमारे १,९५५ येते, म्हणजे खुद्द सरासरीपेक्षाही मोठे. पाचही ठिकाणी शंभर मिलिमीटर जादा पाऊस झाला, तर सरासरी शंभराने वाढेल, प्रमाण विचलन तसूभरही बदलणार नाही.

शेतकऱ्याचे पीक जिल्ह्याच्या सरासरीवर येत नाही, त्याच्या शिवारातल्या पावसावर येते. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, त्यामुळे मंडळनिहाय आकडे आता मिळतात. दुष्काळाची चर्चा त्यांच्यावरच व्हायला हवी, आणि जिल्ह्याची सरासरी छापताना शेजारी मध्यक, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पावसाचा आकडाही द्यायला हवा.