न विकलेला माल यादीत दिसायलाच हवा : 'आर'मधला फॅक्टर

मागच्या व्हिडिओत आपण विक्रीची नोंद 'आर'मध्ये घेतली. आज त्यातला असा कॉलम बघू, ज्यात आकडे नाहीत, प्रकार आहेत.

समजा, तुम्ही घरी शेंगदाणा चटणी करून विकता. प्रकार तीन : सौम्य, मध्यम, झणझणीत. 'आर'ला हा नुसता मजकूर वाटतो. 'टेबल' कमांडने मोजणी केली, की जे विकलं गेलं तेवढंच दिसतं. महिन्याभरात सौम्यचं एकही पाकीट गेलं नसेल, तर त्याचं नावच येत नाही. आणि आपण पुढच्या महिन्यात तेवढीच सौम्य चटणी पुन्हा करून ठेवतो!

उपाय सोपा आहे. आपले प्रकार आधीच सांगून टाकायचे :

फॅक्टर(चव, लेव्हल्स = सी("सौम्य", "मध्यम", "झणझणीत"))

(कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करा, व्हिडिओत स्क्रीनवर दिसतेय.)

आता 'समरी' मागा. फायदे तीन :

1. सौम्यसमोर स्पष्ट 0 दिसतो.

2. क्रम तुमचा राहतो. लेव्हल्स दिल्या नाहीत तर 'आर' अक्षरांप्रमाणे लावतो, म्हणजे झणझणीत आधी आणि सौम्य शेवटी. तक्ता उलटाच!

3. कोणी घाईत 'मद्यम' लिहिलं असेल, तर ती नोंद 'एनए' होते. 'आर' इशारा देत नाही, पण समरीत एनएची संख्या दिसते. ती दिसली, की आधी नोंदी तपासा.

आता एक धोका. फॅक्टरच्या आत खरं तर 1, 2, 3 असे नंबर साठवलेले असतात. पाकिटांची वजनं 100, 250, 500, 1000 ग्रॅम फॅक्टर म्हणून ठेवली आणि थेट 'अ‍ॅज डॉट न्यूमेरिक' केलं, तर वजन नाही, हे आतले नंबर मिळतात. बेरीज 1850 ऐवजी 10! म्हणून आधी 'अ‍ॅज डॉट कॅरेक्टर', मग न्यूमेरिक. त्याहून बरं म्हणजे, ज्याची बेरीज करायची ते फॅक्टर करूच नका.

जुने व्हिडिओ बघत असाल तर लक्षात घ्या : 2020 मधल्या 4.0 आवृत्तीआधी फाईल वाचताना मजकुराचा फॅक्टर आपोआप व्हायचा. आता तो आपणच करायचा.

आजचा गृहपाठ : आपल्या मालाचे सगळे प्रकार कागदावर लिहा, मग फॅक्टर करा. कुठल्या प्रकारासमोर 0 आला, ते कमेंटमध्ये नक्की सांगा!