वॅट शेवटी विचारा

बेस गिटार वाजवणारा पोरगा स्वतःचा अ‍ॅम्प घ्यायला दुकानात शिरला की पहिला प्रश्न ठरलेला: किती वॅटचा आहे? कोल्हापुरात तो जरा जास्तच साहजिक आहे. विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवरून सरकणाऱ्या साऊंडच्या भिंती बघत जे वाढले, त्यांना आवाजाची ताकद वॅटमध्येच मोजावीशी वाटणार. पण ऑर्केस्ट्रा, कॉलेजचं गॅदरिंग, नवरात्रातला मंडळाचा कार्यक्रम, लग्नातली संगीत संध्याकाळ असल्या कामांसाठी हेड निवडायचं असेल तर हा प्रश्न यादीत सगळ्यात शेवटी यायला हवा, असं माझं मत आहे. हेड म्हणजे स्पीकर नसलेला अ‍ॅम्प. गिटारच्या पिकअपमधून येणारा क्षीण सिग्नल त्यात आधी घडवला जातो. बेस, मिडल, ट्रेबलची बटणं असतात ती या टप्प्याची. मग त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद दिली जाते. स्पीकरची पेटी, म्हणजे कॅबिनेट, वेगळी असते आणि जाड वायरने हेडला जोडतात. दुकानात चर्चा होते ती दुसऱ्या टप्प्याची. कार्यक्रम तरतो किंवा पडतो तो बहुधा पहिल्या टप्प्यावर.

बेस गिटारचं काम काय, हे सांगायला कुस्तीच्या मैदानाइतकी चांगली जागा नाही. नुसती हलगी कडाडत राहिली तर कानाला धार लागते, पण अंगात काही उतरत नाही. जोडीला घुमकं आलं की तीच हलगी भरीव होते. वाद्यवृंदात हे घुमक्याचं काम बेसकडे असतं, शिवाय त्याला सूर सांभाळायचा असतो. अडचण अशी की आपला कान खर्जाच्या बाबतीत फार कंजूष आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार सेकंदाला 41 वेळा कंप पावते. मधल्या पट्टीतला 80 डेसिबलचा आवाज जितका मोठा वाटतो तितकाच मोठा 40 हर्ट्झचा सूर वाटायचा असेल, तर तो सुमारे 105 डेसिबलने वाजावा लागतो. 25 डेसिबलचा हा फरक म्हणजे तीनशेपट ऊर्जा. आवाज कमी केला तर ही दरी मिटत नाही, रुंदावते: मधल्या पट्टीतल्या 40 डेसिबलच्या बरोबरीला यायला त्याच खर्जाला 82-83 डेसिबल लागतात. ‘म्हणूनच तर वॅट जास्त हवेत,’ असं कोणी इथे म्हणेल. बरोबर आहे, पण ते वॅट कोणी पुरवायचे, हा खरा प्रश्न.

एके काळी ते वादकानेच पुरवायचे होते. 1965 साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्ससमोर सुमारे 55,000 माणसं होती आणि त्यांच्या गिटारींचा आवाज स्टेजवरच्या अ‍ॅम्पमधूनच काय तो बाहेर पडत होता; गाण्यासाठी स्टेडियमचीच ध्वनिव्यवस्था. ती अगदीच अपुरी पडली. पुढे 1969 मध्ये अ‍ॅम्पेग कंपनीने एसव्हीटी नावाचं ट्यूबवर चालणारं हेड काढलं. 300 वॅट, नुसत्या हेडचं वजन चाळीस किलोच्या आसपास, आणि खाली दहा इंची आठ स्पीकरचं कपाटाएवढं कॅबिनेट. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात ते वापरलं आणि बेसचा अ‍ॅम्प असावा तर असा, ही प्रतिमा जगभर रुजली. प्रतिमा रुजली आणि तिच्यामागचं कारण गळून पडलं. त्या काळी सभागृहाची ध्वनिव्यवस्था प्रामुख्याने गायकांसाठी असे. बेसवाल्याला शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या बळावर पोहोचायचं होतं, म्हणून ते वजन आणि ते वॅट.

आज जिल्ह्यातला बरा साऊंडवालासुद्धा अठरा इंची सबवूफर घेऊन येतो. सबमध्ये हजारो वॅट ओतलेले असतात; त्यांच्यापुढे स्टेजवरच्या हेडचे तीनशे काय आणि आठशे काय, प्रेक्षकाच्या हिशेबी दोन्ही सारखेच. प्रेक्षकाला बेस ऐकू येतो तो हेडच्या मागच्या बाजूला असलेल्या एका छोट्या तीन पिनांच्या सॉकेटमधून. त्याला डीआय म्हणतात. तिथून केबल थेट मिक्सरला जाते. हे सॉकेट खरखरत असेल, त्यातून जाणारा आवाज पोकळ असेल, तर स्टेजवर वादकाला स्वर्ग दिसो, समोर बसलेल्यांना गुरगुर ऐकू येणार. चांगल्या डीआयला दोन बटणं हवीत. एक ‘प्री’ आणि ‘पोस्ट’चं: प्रीवर ठेवलं की वादक स्टेजवर आपली बटणं हवी तशी फिरवू शकतो, सभागृहातला आवाज हलत नाही. दुसरं ग्राउंड लिफ्टचं. मिक्सर एका जागी, स्टेज दुसऱ्या जागी, दोन्हींचं अर्थिंग वेगळं, आणि त्यातून उठणारी ती कुप्रसिद्ध हमिंग. हे बटण पुष्कळदा एका झटक्यात ती बंद करतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी शंभर-दोनशे वॅट खुशाल सोडून देईन.

मग स्टेजवर अ‍ॅम्प कशाला? वादकाला आणि त्याच्या शेजाऱ्यांना ऐकू यावं म्हणून. सबमधला खर्ज चारी दिशांना पसरतो आणि स्टेजच्या मागेही येतो, पण येतो तो नुसती घुमघुम होऊन. कोणता सूर लागला ते त्यातून कळत नाही. मांडवातलं स्टेज बऱ्याचदा लोखंडी सांगाड्यावर टाकलेल्या फळ्यांचं, आतून पोकळ, म्हणजे तेही जोडीला घुमतं. त्यामुळे वादकाला स्वतःच्या हेडमधून आणखी खर्ज नको असतो. त्याला हवी असते सूर ओळखू येईल अशी मधली पट्टी, साधारण 200 ते 800 हर्ट्झ. त्या पट्टीवर नीट ताबा देणारी बटणं, आणि शक्य तर तीस-चाळीस हर्ट्झच्या खालचा निरुपयोगी गाळ कापणारा हाय-पास फिल्टर, या गोष्टी हेडच्या दर्शनी भागावर शोधाव्यात. खालचा गाळ कापला की स्पीकर उगाच धापा टाकत नाही आणि आहेत तेवढे वॅट ऐकू येणाऱ्या सुरांवर खर्ची पडतात.

जागा बदलली की गरज किती बदलते याचं उदाहरण गावातच आहे. केशवराव भोसले नाट्यगृह 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं ते माइक नसलेल्या काळात, माणसाच्या गळ्यासाठी. ऑगस्ट 2024 च्या आगीत त्याचं फार मोठं नुकसान झालं. पण मुद्दा त्या जातीच्या सगळ्याच सभागृहांना लागू आहे. तिथे स्टेजवरून निघालेला जादा खर्ज साऊंडवाल्याच्या हातात राहत नाही, कारण मिक्सरवर कमी करायला तो मिक्सरमधून गेलेलाच नसतो. आणि त्या नाट्यगृहाला लागूनच खासबाग मैदान आहे, डोक्यावर आभाळ. तसल्या उघड्या जागेत आवाज परतवायला छत नसतं, तोच अ‍ॅम्प निम्मा वाटतो. दोन्ही ठिकाणी चालेल असा वॅटचा आकडा अस्तित्वातच नाही. दोन्ही ठिकाणी चालेल असा डीआय मात्र मिळतो.

आता वॅटच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलू. यात्रेतला कार्यक्रम आहे, साऊंडवाल्याने दोन टॉप, म्हणजे वरच्या पट्टीचे स्पीकर, आणले आहेत, सब नाहीच, आणि तो म्हणतो, ‘बेस तुमचा तुम्ही बघा.’ गडहिंग्लज, निपाणी, कोकणात उतरल्यावर कुठेही ही वेळ येऊ शकते. हा आक्षेप खरा आहे. बेसची तार जोरात छेडली की क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट ताकद लागते. ती नसेल तर सूर फाटतो. म्हणून पन्नास वॅटच्या सरावाच्या अ‍ॅम्पवर मैदान मारता येत नाही, हे मान्य. पण वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. 300 चे 600 केले तर मिळतात फक्त 3 डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तेच 3 डेसिबल अधिक कार्यक्षम स्पीकर घेऊन, एक पैशाची वीज न वाढवता मिळतात.

शिवाय हेडवर छापलेला मोठा आकडा बहुतेक वेळा स्पीकरचा विद्युत रोध 4 ओहम धरून दिलेला असतो. मार्कबासचं लिटल मार्क 3 घ्या: 4 ओहमला 500 वॅट, पण 8 ओहमच्या एकाच कॅबिनेटला जोडलं तर 300. अ‍ॅग्विलारचं टोन हॅमर 500 हे 8 ओहमला 250 वरच येतं. म्हणजे पाचशेचं हेड आणि एक कॅबिनेट घेऊन घरी आलेल्या माणसाने जवळजवळ निम्म्या ताकदीचे पैसे कपाटात ठेवलेले असतात. 8 ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की 4 ओहम होतात, पूर्ण ताकद मिळते, आणि हवा ढकलणारे स्पीकरही दुप्पट होतात; सगळं मिळून सहा डेसिबलपर्यंत वाढ. तेव्हा सब नसलेल्या मैदानाचं उत्तर मोठं हेड नव्हे, दुसरं कॅबिनेट आहे. 4 ओहमला तीनशे ते पाचशे वॅट इतकं असलं की हेडच्या बाजूने प्रश्न मिटला. एकच पथ्य: हेडवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जायचं नाही.

वजनाचा वाद आता जवळपास निकालात निघाला आहे. जुन्या हेडमध्ये लोखंडी गाभ्याचा भला मोठा ट्रान्सफॉर्मर असे आणि बरीचशी वीज उष्णता होऊन जाई. आजच्या क्लास-डी हेडमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, फार तापत नाहीत, आणि वीजपुरवठाही हलक्या स्विचिंग पद्धतीचा असतो. पाचशे वॅटचं हेड दोन-तीन किलोत बसतं, गिटारच्या बॅगेच्या खिशातून नेता येतं. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ड्रमसेट, कीबोर्ड, ढोलकी आणि माणसं कोंबून घाट उतरणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको. ट्यूबचा आवाज गोड असतो ते खरंच. पण त्यासाठी चाळीस किलोची भारी, काचेच्या ट्यूब आणि स्पीकर न जोडता चालू केल्यास ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती एवढं सगळं रस्त्यावर काढणं मला तरी पटत नाही. हौस असेल तर ती घरी किंवा स्टुडिओत पुरवावी.

मात्र हलक्या हेडच्या बाजूने बोलणारे दुरुस्तीबद्दल सोयीस्कर गप्प बसतात. आणि कोल्हापुरात तर त्याबद्दल बोललंच पाहिजे. या शहराने उद्यमनगर उभं केलं. इथे मोटार रिवाइंड करून मिळते, मोडलेला भाग पुन्हा घडवून मिळतो. जुन्या पद्धतीचं ट्रान्सफॉर्मरवालं हेड बिघडलं तर चांगला मेकॅनिक ते उघडून, जळका ट्रान्झिस्टर बदलून पुन्हा बोलतं करू शकतो. क्लास-डी हेडमध्ये नखाहून लहान भाग बोर्डावर चिकटवलेले असतात. पुष्कळदा आख्खा बोर्डच बदलावा लागतो, तो परदेशातून यायचा, आणि तोपर्यंत सीझन संपलेला. म्हणून विकत घेण्याआधी विचारायचं ते हे: याचा बोर्ड भारतात मिळतो का, आणि पुण्या-मुंबईला पाठवल्यावर किती दिवसांनी परत येतो? उत्तर गुळमुळीत आलं तर, ब्रँड कितीही मोठा असो, दुसरं हेड बघावं.

विजेचंही तसंच. मांडवातला पुरवठा जनरेटरचा असतो, लाइटवाल्याने मोठे दिवे लावले की दाब खाली येतो, दिवे बंद केले की वर उसळतो. ज्या हेडवर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असतं ते असल्या चढउताराला बऱ्यापैकी पुरून उरतं. नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेलं, फक्त 120 व्होल्टचं हेड आपल्या 230 च्या सॉकेटमध्ये घातलं तर मात्र ते गेलंच म्हणून समजा. अर्थिंग तपासणं हे हेडचं काम नाही, वादकाचं आहे. स्वस्तातला टेस्टर जवळ ठेवावा. धातूच्या तारांना हात, ओठ माइकला, आणि दोघांचं अर्थिंग वेगळं, ही जोडी जीवघेणी ठरू शकते.

सगळ्यात धारदार आक्षेप वेगळाच आहे: हेड हवंच कशाला? एक छोटी डीआय पेटी मिक्सरला जोडा, कानात इअरफोन घाला, काम झालं. ज्या बँडचा साऊंडवाला आणि मॉनिटरची व्यवस्था ठरलेली आहे त्यांच्यासाठी हे अगदी योग्य आहे, त्यांनी हेडवर अर्धा लाख घालू नये. पण इथल्या वादकासमोर रोज नवा साऊंडवाला असतो, मॉनिटर कधी असतो, कधी गायकाच्या पायाशीच थांबतो. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि ड्रमसेटच्या मधोमध उभ्या असलेल्याला स्वतःचा सूर दुसऱ्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही. आणि बेस वादकच कशाला, कीबोर्डचा डावा हात आहे ना, असं म्हणून पुष्कळ ऑर्केस्ट्रांनी त्याला परस्पर वजा केलं आहे. पैसे वाचतात हे खरं. पण राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस गिटार जशी गाण्याच्या बरोबरीने स्वतःचं काही बोलत जाते, तसं डाव्या हाताने उजव्या हाताचं काम सांभाळत वाजवायला विलक्षण तयारी लागते. बहुतेक ठिकाणी मग नुसता पायाभूत सूर दाबून धरला जातो.

आणि रात्रीचे दहा वाजतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला उघड्यावर मनाई केली आहे. सरकारला वर्षातले मोजकेच दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. त्यामुळे साडेनऊनंतर संयोजक घाबरून आवाज उतरवायला सांगतात. त्या नियमांतल्या मर्यादा ज्या मापाने मोजतात त्यात 40 हर्ट्झचा खर्ज सुमारे 35 डेसिबलने कमी धरला जातो, म्हणजे यंत्राला तो फारसा दिसतच नाही. पण शेजारच्या घराची तावदानं मात्र त्यानेच थरथरतात, आणि तक्रार तावदानांची येते. साऊंडवाला सब उतरवतो, आणि कानाचा जो कंजूषपणा वर सांगितला त्याच्या जोरावर बेसच सगळ्यांच्या आधी नाहीसा होतो. अशा वेळी हेडवरचा बेसचा नॉब वर नेणं हा सहज सुचणारा आणि चुकीचा उपाय आहे. तो जागेवर ठेवून मिडल थोडा वाढवला तर 41 हर्ट्झच्या मूळ सुराचे वरचे स्वर, 82 आणि 123 हर्ट्झचे आणि त्यांच्या पुढचे, ऐकू येत राहतात आणि खालचा सूर कान स्वतःच भरून काढतो. दुकानात हेड पारखायचं ते म्हणून अगदी हळू आवाजात. मोठ्या आवाजात सगळीच हेड बरी वाजतात.