मैत्रिणीच्या वाढदिवसाला दूधविरहित केक : आधी काय विचारावे, काय तपासावे, कसा करावा?

मैत्रिणीला किंवा तिच्या मुलाला दूध चालत नाही, वाढदिवस जवळ आला आहे आणि केक घरीच करावा असे तुम्ही ठरवले आहे. अशा वेळी पुण्यात बहुतेक जणांच्या मनात पहिला विचार येतो तो ‘एगलेस केक करू’ हा. गोंधळाची सुरुवात इथेच होते. एगलेस म्हणजे अंड्याविना, दुधाविना नव्हे. उलट केकमधून अंडे काढले की त्याची जागा बहुधा कंडेन्स्ड मिल्क, दही, दूध पावडर किंवा ताक घेते. त्यामुळे एगलेस केकमध्ये साध्या केकपेक्षा दुधाचा अंश जास्त असू शकतो.

दूधविरहित केक करणे अवघड नाही. मात्र त्याआधी दोन गोष्टी स्पष्ट हव्यात : दूध नेमके कशामुळे चालत नाही, आणि दूध आपल्या नकळत केकमध्ये कुठून येते.

आधी विचारा : अ‍ॅलर्जी आहे की दूध पचत नाही?

‘मला दूध चालत नाही’ या एकाच वाक्यामागे दोन वेगळे आजार असू शकतात.

*लॅक्टोज न पचणे :* लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. अनेकांमध्ये बालपणानंतर ते कमी होत जाते. मग न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचते, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस, पोट फुगणे, मुरडा, जुलाब असा त्रास होतो. हा त्रास किती होईल ते प्रमाणावर अवलंबून असते. अशा अनेकांना थोडे दूध, दही किंवा तूप चालते. जास्त खाल्ले तर पोट बिघडते, पण जिवाला धोका नसतो.

*दुधाची अ‍ॅलर्जी :* इथे प्रश्न साखरेचा नसून प्रथिनांचा असतो. दुधातील केसीन आणि व्हे या प्रथिनांना शरीराची रोगप्रतिकारशक्ती शत्रू समजते. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा डोळे सुजणे, उलटी, खोकला, छातीत घरघर अशी लक्षणे दिसतात. काहींमध्ये ती तीव्र होऊन श्वास अडकतो, रक्तदाब उतरतो. या अवस्थेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यासाठी फार थोडे दूधही पुरेसे ठरू शकते. ही अ‍ॅलर्जी प्रामुख्याने लहान मुलांत दिसते आणि बहुतेकांमध्ये वाढत्या वयात जाते, पण काहींमध्ये मोठेपणीही राहते.

म्हणून मैत्रिणीला सरळ विचारा : “तुला पोटाचा त्रास होतो की अंगावर गांधी, सूज, दम असे काही होते? डॉक्टरांनी काय सांगितले आहे? दुधाशिवाय आणखी काय चालत नाही?” हा शेवटचा प्रश्न विसरू नका. दुधाऐवजी आपण बदाम, काजू किंवा सोयाबीनचे दूध वापरायला जातो आणि नेमकी त्याचीही अ‍ॅलर्जी असू शकते.

उत्तर स्पष्ट मिळाले नाही, तर अ‍ॅलर्जी आहे असे धरूनच केक करावा.

नेहमीचे गैरसमज

*“भट्टीत भाजल्यावर दुधाचे काही उरत नाही.”* हे अर्धसत्य आहे. व्हे प्रथिनांची रचना उष्णतेने बरीच बदलते, पण केसीन उष्णतेला दाद देत नाही. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या अनेक मुलांना केक-बिस्किटातले भाजलेले दूध चालते हे खरे. पण कोणाला चालते आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरवायचे असते. वाढदिवसाच्या समारंभात तो प्रयोग करू नये.

*“गाईचे चालत नाही, मग म्हशीचे किंवा शेळीचे वापरू.”* या दुधांतील प्रथिने एकमेकांशी खूप मिळतीजुळती असतात. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना म्हशीच्या आणि शेळीच्या दुधानेही त्रास होण्याची शक्यता मोठी असते. ए-टू दुधालाही हेच लागू आहे.

*“लॅक्टोज-फ्री दूध आणले आहे.”* ज्यांना लॅक्टोज पचत नाही त्यांच्यासाठी ते उत्तम. अ‍ॅलर्जीसाठी निरुपयोगी, कारण त्यातली प्रथिने जशीच्या तशी असतात.

*“तुपात दूध कुठे असते?”* तुपात दुधातली प्रथिने अगदी थोडी उरतात, पण उरतात. अ‍ॅलर्जी असेल तर तूप टाळावे.

लेबलवर काय वाचावे?

पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. आपल्याकडे दूध शाकाहारात धरले जाते, त्यामुळे दुधाबद्दल तो ठिपका काहीच सांगत नाही.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार पाकीटबंद पदार्थात दूध किंवा दुधाचे पदार्थ असल्यास तशी अ‍ॅलर्जीची सूचना छापावी लागते. घटकांच्या यादीजवळ ‘कन्टेन्स मिल्क’ असे शब्द शोधा. ‘मे कन्टेन मिल्क’ असे लिहिले असेल तर कारखान्यात दुधाचा अंश मिसळला जाण्याची शक्यता आहे असा त्याचा अर्थ. अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीसाठी असे पाकीटही टाळावे.

यादीत दूध पुढील नावांनीही येते :

- मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर
- व्हे, व्हे पावडर
- केसीन, सोडियम केसिनेट
- मिल्क फॅट, बटर ऑइल
- मावा, खवा, कंडेन्स्ड मिल्क

केकच्या सामानात विशेष लक्ष द्यावे अशा वस्तू :

- नॉन-डेअरी व्हिप क्रीम : नाव फसवे आहे. अशा काही क्रीममध्ये सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलेच प्रथिन असते.
- मार्गारिन : काही प्रकारांत दुधाचे घटक असतात.
- डार्क कंपाउंड आणि डार्क चॉकलेट : ‘डार्क’ म्हणजे दुधाविना असे गृहीत धरू नका.
- ड्रिंकिंग चॉकलेट : यात साखर आणि कधी दूध पावडर असते. केकसाठी साखर नसलेली शुद्ध कोको पावडर घ्या.
- तयार केक प्रीमिक्स आणि सजावटीच्या गोळ्या : दर वेळी लेबल वाचा. उत्पादक घटक बदलू शकतात.

कोको बटर हे कोकोच्या बियांतले तेल आहे; त्यात लोणी नसते. नारळाच्या दुधातही नावापुरतेच ‘दूध’ आहे. ज्यांना नारळ चालतो त्यांना ते वापरता येते.

२०२२च्या नियमांनंतर व्हीगन पदार्थांसाठी वेगळे चिन्ह आले आहे. अशा पदार्थात प्राणिजन्य घटक वापरलेले नसतात, त्यामुळे निवड सोपी होते. तरीही तीव्र अ‍ॅलर्जी असल्यास ‘मे कन्टेन’ची सूचना वाचल्याशिवाय घेऊ नका.

केक विकत घ्यायचा असेल तर

पुण्यातल्या इराणी बेकऱ्यांचा मावा केक नावाप्रमाणेच माव्याचा. पेस्ट्रीच्या दुकानात एकाच काचेच्या कपाटात, एकाच सुरीने सगळे केक कापले जातात. घरून केक करून देणाऱ्या ताईंना सांगत असाल तर ‘दूधविरहित करा’ एवढेच सांगून थांबू नका. त्यांना विचारा : लोणी, तूप, दही, दूध पावडर, व्हिप क्रीम यांपैकी काही घालता का? त्याच दिवशी त्याच भांड्यांत दुसरे केक करणार आहात का? आयसिंगच्या पिशव्या आणि नोझल वेगळे आहेत का? उत्तर गुळमुळीत वाटले तर केक घरीच करावा.

साधा चॉकलेट केक : दूध, लोणी, अंडे यांशिवाय

२० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यासाठी :

- मैदा १९० ग्रॅम
- साखर १८० ते २०० ग्रॅम
- शुद्ध कोको पावडर २५ ग्रॅम
- खायचा सोडा १ लहान चमचा (५ मिली)
- मीठ पाव लहान चमचा
- पाणी २४० मिली
- वास नसलेले तेल ८० मिली
- पांढरे व्हिनेगर १ मोठा चमचा (१५ मिली)
- व्हॅनिला इसेन्स १ लहान चमचा

घराघरांतल्या वाट्यांची मापे वेगळी असतात, म्हणून वजनकाटा आणि मापाचा कप वापरलेला बरा.

१. भांड्याला आतून तेल लावा, लोणी नको. तळाला बटर पेपर घाला. (याच्या नावात बटर असले तरी तो नुसता कागद असतो.) ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर तापत ठेवा.
२. कोरडे जिन्नस एकत्र चाळून घ्या.
३. पाणी, तेल, व्हिनेगर आणि इसेन्स वेगळे एकत्र करून कोरड्या मिश्रणात ओता. गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळा.
४. मिश्रण लगेच भांड्यात ओतून ओव्हनमध्ये ठेवा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र येताच वायू तयार होऊ लागतो. मिश्रण बाहेर राहिले तर तो निघून जातो आणि केक बसतो.
५. ३० ते ३५ मिनिटांनी मधोमध सुरी किंवा काडी घालून पाहा. ती कोरडी निघाली की केक झाला. पूर्ण गार झाल्यावरच काढा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत जाळी ठेवा, झाकण लावून १० मिनिटे तापवा, मग केकचे भांडे आत ठेवून मंद आचेवर भाजा. वेळ थोडा जास्त लागतो.

यात दुधाची उणीव का भासत नाही? साध्या केकमध्ये दूध ओलावा देते, लोणी मऊपणा आणते आणि दह्यातले आम्ल सोड्याला फुलवते. इथे ही तीन कामे पाणी, तेल आणि व्हिनेगर करतात. भाजल्यावर व्हिनेगरचा वास राहत नाही.

वरून लावण्यासाठी १०० ग्रॅम आयसिंग शुगर, दोन मोठे चमचे कोको, एक लहान चमचा तेल आणि दोन-तीन चमचे कोमट पाणी घोटून घ्या. त्यावर डाळिंबाचे दाणे किंवा स्ट्रॉबेरीचे काप छान दिसतात.

भांडी, हात आणि घास

जिन्नस निर्दोष असले तरी दूध भांड्यांतून येऊ शकते. पोळ्यांना तूप लावायचा चमचा, सायीचे भांडे, लोणी लागलेला ब्रश, लाकडी उलथने यांवर अंश राहतो. सगळी भांडी साबणाने घासून गरम पाण्याने धुवा. हातही साबणानेच धुवा; सॅनिटायझरने प्रथिने निघून जात नाहीत. केक करताना शेजारी दूध तापवू नका. तयार केक झाकून वेगळा ठेवा.

समारंभातही काळजी लागते. आपल्याकडे केक कापला की प्रत्येक जण घास भरवतो. पेढा किंवा पेस्ट्री खाल्लेल्या हाताने भरवलेला एक घास सगळी मेहनत वाया घालवू शकतो. म्हणून :

- सगळ्यांसाठी हाच एक केक ठेवता आला तर सर्वांत चांगले.
- दुसरा केक असेलच तर सुरी आणि ताटल्या वेगळ्या ठेवा आणि दूधविरहित केक आधी कापा.
- ज्यांनी भरवायचे त्यांनी आधी हात धुवावेत, किंवा स्वच्छ चमच्याने भरवावे.
- तोंडाला केक फासण्याचा खेळ टाळा. क्रीम नुसते त्वचेला लागूनही गांधी उठू शकतात, आणि ते तोंडात-डोळ्यांत जाते.
- श्रीखंड, बासुंदी, पनीरचे पदार्थ वेगळ्या टेबलावर ठेवा.
- केकबरोबर वापरलेल्या जिनसांची पाकिटे जपून ठेवा. मैत्रिणीला किंवा मुलाच्या आईला ती स्वतः वाचायची असतील तर दाखवा. त्यात अविश्वास नाही, ती त्यांची रोजची सवय आहे.

त्रास झालाच तर

फक्त दोन-चार गांधी उठल्या असतील तर डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेले औषध द्या आणि जवळ बसून लक्ष ठेवा. मात्र पुढीलपैकी काहीही दिसले तर ती तातडीची स्थिती समजा :

- श्वास लागणे, घरघर, सततचा खोकला
- आवाज बसणे, जीभ किंवा घसा सुजणे
- चक्कर, ग्लानी, अंग गार व फिकट पडणे
- अंगावरच्या गांधींबरोबर वारंवार उलट्या

अशा वेळी व्यक्तीला आडवे झोपवून पाय थोडे उंच करा. श्वास घेणे कठीण जात असेल तर बसू द्या, पण उभे करू नका, चालवू नका. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन दिलेले आणि शिकवलेले असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्या. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. अ‍ॅलर्जीची गोळी किंवा सिरप हा अ‍ॅड्रेनालिनला पर्याय नाही. तोंडाने काही खाऊ-पिऊ घालू नका. बरे वाटले तरी रुग्णालयात जायलाच हवे, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा येऊ शकतात.

डॉक्टरांना कधी भेटावे?

दूध प्यायल्यावर त्रास होतो, पण निदान झालेले नाही, असे असेल तर केवळ अंदाजावरून मुलाचे दूध कायमचे बंद करू नका. वाढीच्या वयात त्यातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळत असतात. ते बंद केल्यास आहारात पर्याय ठरवावे लागतात. अ‍ॅलर्जीचे निदान प्रामुख्याने लक्षणांच्या नोंदीवरून, त्वचेवरील चाचणी किंवा आयजी-ई रक्तचाचणीवरून आणि गरज पडल्यास रुग्णालयात थोडे-थोडे दूध देऊन केले जाते. अनेक पदार्थांची एकदम तपासणी करणाऱ्या आयजी-जी चाचण्यांवरून अ‍ॅलर्जी ठरत नाही.

आधी दूध न चालणाऱ्या मुलाची अ‍ॅलर्जी आता गेली आहे का, हेही डॉक्टरांकडेच तपासून घ्यावे. तोपर्यंत वाढदिवसाला असा केक करा, ज्यातला घास त्या मुलाला सगळ्यांबरोबर, न घाबरता खाता येईल.