आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

पोर्टेबल रेकॉर्डर हातात आला की पहिला आठवडा माणूस एकदम खूश असतो. दुसऱ्या आठवड्यात तो हेडफोन लावून शांतपणे ऐकतो आणि मागचा तो 'स्स्स्स' त्याच्या कानात जाऊन बसतो. मग सुरू होतं अपग्रेडचं वेड! कोणी म्हणतं ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड कर, कोणी म्हणतं २४ बिट ठेव, आणि आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'आतला ऑप-अँप बदलून टाक'. यातलं काय खरं, काय फुकाचं आणि पैसे नक्की कुठे घालायचे, हे आपल्याच सिलॅबसमधल्या दोन फॉर्म्युल्यांनी ठरवता येतं. तेच सांगायला हा लेख.

मला हा प्रश्न पडला तो आजीमुळे. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. वय ८४, आवाज बारीक झालाय, दोन ओव्या झाल्या की दम लागतो. 'आजी, परत एकदा, जरा मोठ्याने' असं तिला सारखं म्हणता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या म्युझिक क्लबचा रेकॉर्डर आणि स्टेजवरचा डायनॅमिक माइक नेऊन मी तिचं रेकॉर्डिंग केलं. ओवी ऐकू येते, पण तिच्यावर हिसची चादर पांघरलेली! हा फक्त माझ्या घरचा प्रश्न नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि २०१७ पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येत आहेत. पण अजूनही कितीतरी घरांत अशी आजी आहे, जिचा आवाज कुणी घेतलेला नाही. शब्द वहीत उतरवता येतात. स्वर कसा ओढला, श्वास कुठे घेतला, ते रेकॉर्डिंगशिवाय राहत नाही.

तर आधी बघू, हा हिस येतो कुठून. आवाजाचा प्रवास साधा आहे : माइक, मग प्रीअँप, मग एडीसी आणि शेवटी मेमरी कार्ड. मेमरी कार्डाआधीची प्रत्येक पायरी स्वतःचा थोडा नॉइज मिसळते. अगदी साधा रेझिस्टरसुद्धा! १९२८ मध्ये बेल लॅब्जच्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिलं की तापमानामुळे इलेक्ट्रॉन हलत असतात आणि म्हणून कुठल्याही रेझिस्टरच्या दोन टोकांत सूक्ष्म व्होल्टेज असतं. १५० ओहमचा रेझिस्टर आणि २० किलोहर्ट्झची बँडविड्थ धरून गणित केलंत तर उत्तर ०.२२ मायक्रोव्होल्ट येतं, म्हणजेच उणे १३१ डीबीयू. (० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट.) ही निसर्गाने आखलेली रेषा. कितीही महागडा प्रीअँप घ्या, हिच्याखाली जाता येत नाही.

दुसरा फॉर्म्युला फ्रीस यांचा, १९४४ सालचा. रेडिओ रिसीव्हरसाठी मांडला, पण इथेही तितकाच लागू. त्याचा अर्थ असा की पुढच्या पायरीचा नॉइज हा आधीच्या पायऱ्यांच्या गेनने भागला जातो. म्हणजे पहिल्या पायरीवर सिग्नल मोठा झाला की नंतरच्यांचा नॉइज फारसा जाणवत नाही. आणि पहिल्याच पायरीवर सिग्नल नॉइजमध्ये बुडाला तर पुढे काहीही करा, तो बाहेर येत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आता बिटांचा निकाल आधी लावू. समजा तुमचा हिस उणे ५० डीबीवर आहे. तो १६ बिटांत साठवा नाहीतर २४ बिटांत, तो उणे ५० वरच राहणार. १६ बिटांचा स्वतःचा तळ उणे ९८ डीबीच्या आसपास असतो, म्हणजे कितीतरी खाली. २४ बिटांचा खरा फायदा हा की लेव्हल थोडी कमी ठेवून निर्धास्त राहता येतं. २०१९ पासून छोट्या रेकॉर्डरमध्ये आलेलं ३२ बिट फ्लोट त्याच्याही पुढे जातं, अचानक कोणी ओरडलं तरी आवाज फाटत नाही. पण ही सगळी वरच्या टोकाची सोय झाली. खालच्या टोकाचा हिस यातलं काहीही कमी करत नाही. ९६ किलोहर्ट्झचंही तेच. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

मग ऑप-अँप? इथे आकडे खरंच बोलतात. टीएल०७२ चा नॉइज साधारण १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, एनई५५३२ चा ५ आणि ओपीए१६१२ चा १.१. तेवढ्याच २० किलोहर्ट्झमध्ये हे अनुक्रमे २.५, ०.७ आणि ०.१६ मायक्रोव्होल्ट होतात. कागदावर फरक मोठा आहे. पण रेकॉर्डर उघडल्यावर तीन अडचणी समोर येतात. एक, खिशात मावणाऱ्या बऱ्याच रेकॉर्डरमध्ये प्रीअँप आणि एडीसी एकाच चिपमध्ये असतात, म्हणजे बदलायला वेगळा ऑप-अँप नसतोच. दोन, असला तरी त्याला सप्लाय किती मिळतो ते बघा. एनई५५३२ ला ± ५ व्होल्ट तरी हवेत, आणि दोन पेन्सिल सेलवरच्या सर्किटमध्ये तेवढे मिळतीलच असं नाही. तीन, ऑप-अँपच्या आजूबाजूचे रेझिस्टर जुन्याच किमतीचे राहिले तर त्यांचा जॉन्सन नॉइज तसाच राहतो.

आता माइकचं गणित. समजा रेकॉर्डरचा इनपुट नॉइज १.४ मायक्रोव्होल्ट आहे (उणे ११५ डीबीयू) आणि एक मीटरवरून आजीचा आवाज ५० डीबी एसपीएल इतका पोहोचतो. एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक ९४ डीबीला १.८५ मिलीव्होल्ट देतो. ५० डीबीला तो देणार जेमतेम १२ मायक्रोव्होल्ट. सिग्नल आणि नॉइज यांत अंतर फक्त १८-१९ डीबी! यात माइकचा दोष नाही, तो स्टेजवर तोंडाजवळ धरायलाच बनवलाय. आता प्रिमोची ईएम२७२ ही इलेक्ट्रेट कॅप्सूल घ्या. ती ९४ डीबीला ४० मिलीव्होल्ट देते, म्हणजे ५० डीबीला २५० मायक्रोव्होल्ट. तिचा स्वतःचा नॉइज १४ डीबीए. ढोबळ हिशोबाने अंतर ३५ डीबी झालं. रेकॉर्डरचा एकही स्क्रू न काढता! उलट जुना माइक ठेवून सर्वोत्तम ऑप-अँप बसवला असता तरी ३३ च्या आसपासच पोहोचलो असतो. आणि ही कॅप्सूल लावल्यानंतर ऑप-अँप बदललात तर वर मिळतो फक्त अर्धा डीबी.

सावधगिरी मात्र हवी. ही कॅप्सूल ३.५ मिमीच्या जॅकमधून मिळणाऱ्या प्लग-इन पॉवरवर चालते, तिला ४८ व्होल्टची फँटम पॉवर थेट देऊ नका. ती चहूबाजूंचं ऐकते, त्यामुळे पंखा, फ्रीज, गल्लीतली रिक्षा सगळं टिपते. आणि ढोल-ताशासमोर तर नेऊच नका.

याहून स्वस्त उपाय म्हणजे अंतर. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डीबीने वाढतो. माइक एक मीटरवरून २५ सेंटीमीटरवर आणला तर १२ डीबी मिळाले, म्हणजे टीएल०७२ काढून एनई५५३२ बसवण्यापेक्षा जास्त, आणि तेही फुकट! फक्त तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला धरा, नाहीतर 'प' आणि 'फ' चे फटाके ऐकू येतील.

कुठलाही खर्च करण्याआधी रेकॉर्डरचा नॉइज स्वतः मोजा. लॅबमधला फंक्शन जनरेटर १ व्होल्ट आरएमएस, १ किलोहर्ट्झवर ठेवा. त्याला १५० किलोओहम आणि १५० ओहमचा डिव्हायडर जोडा, म्हणजे १५० ओहमवर १ मिलीव्होल्ट मिळेल, म्हणजेच उणे ५७.८ डीबीयू. हा एक्सएलआरच्या पिन २ आणि ३ मध्ये द्या आणि पिन ३ व १ ग्राउंडला जोडा. फँटम, लिमिटर, ऑटो गेन, लो-कट सगळं बंद. मिनिटभर रेकॉर्ड करा. मग गेनला हात न लावता जनरेटर काढा, १५० ओहम तसाच राहू द्या, आणि आणखी एक मिनिट रेकॉर्ड करा. दोन्हींची आरएमएस लेव्हल कॉम्प्युटरवर एकाच सॉफ्टवेअरमध्ये बघा. सिग्नल उणे १० आणि नॉइज उणे ६५ आला, तर फरक ५५. इनपुट नॉइज झाला उणे ५७.८ वजा ५५, म्हणजे उणे ११२.८ डीबीयू. उणे १३१ पासून तुम्ही किती लांब आहात ते लगेच कळतं.

थोडक्यात क्रम असा. आधी जागा : पंखा बंद, खिडकी बंद, अॅडॅप्टरऐवजी बॅटरी. मग अंतर. उघड्यावर असाल तर माइकला वाऱ्यासाठी केसाळ टोपी. मग जास्त सेन्सिटिव्हिटीचा, कमी नॉइजचा माइक. डायनॅमिक माइकच वापरायचा असेल तर बाहेरचा चांगला प्रीअँप, आणि तो रेकॉर्डरच्या लाइन इनपुटमध्ये द्या, म्हणजे आतल्या प्रीअँपला काम कमी पडेल. नवा रेकॉर्डर सगळ्यात शेवटी. झूमच्या २०२२ च्या एफ३ चा इनपुट नॉइज कंपनी उणे १२७ डीबीयू सांगते, म्हणजे रेषेच्या अगदी जवळ. पण तोसुद्धा चालू पंख्याखाली पंखाच रेकॉर्ड करणार!

सोल्डरिंग करायला मलाही आवडतं, तेव्हा ऑप-अँप बदलूच नका असं म्हणणं नाही. क्लबचा जुना, बंद पडलेला रेकॉर्डर उघडून जरूर शिका. पण घरात कुणाचा आवाज राखून ठेवायचा असेल तर अपग्रेड पूर्ण व्हायची वाट बघू नका. आहे तो रेकॉर्डर घ्या, पंखा बंद करा, माइक जवळ सरकवा आणि या सुट्टीतच रेकॉर्ड करा. रेकॉर्डर पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल.