पाच मिलिमीटरची गाठ, सात वर्षांची वणवण

नखाखालच्या ग्लोमस गाठीची गोष्ट सांगायला दोन आकडे पुरतात: ५ आणि ७. गाठ साधारण ५ मिलिमीटरची, ज्वारीच्या दाण्याएवढी, कित्येकदा त्याहूनही लहान. आणि दुखणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंतचा काळ अनेक वैद्यकीय अहवालांत सरासरी ७ वर्षांच्या आसपास.

हाताच्या मऊ ऊतींतल्या सगळ्या गाठींमध्ये हिचा वाटा १ ते ५ टक्के, म्हणजे दुर्मिळच. पण हातावर ती झाली, तर निम्म्याहून अधिक वेळा नखाखालीच सापडते, आणि नखाखाली झाली तर बहुतेकदा ३० ते ५० वयाच्या बाईला. कर्करोगाची शक्यता १ टक्क्याहूनही कमी. त्यामुळे प्रश्न जिवाचा नाही, सात वर्षांच्या वेदनेचा आहे.

थंडीत नळाखाली हात धरला, फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली किंवा निऱ्या खोवताना बोट जरासं लागलं, की कळ थेट कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत जाते. नख मात्र वरून धडधाकट. फार तर एखादा निळसर-लालसर ठिपका, नखावर एक उभी लाल रेघ किंवा टोकाशी बारीक चीर. एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो. मग कुणी नखुरडं म्हणतं, कुणी मानेची नस, कुणी संधिवात. शेवटी ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगितलं जातं. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं, कारण दुखण्याला ठावठिकाणा आहे.

तो असा. त्वचेत सूक्ष्म धमनी आणि शीर यांना थेट जोडणारी ग्लोमस नावाची यंत्रणा असते. थंडी-उष्णतेनुसार रक्तप्रवाह कमी-जास्त करणं हे तिचं काम. बोटांच्या टोकांना ती दाट असते. तिच्या पेशी वाढून गाठ झाली की थंडी सोसवत नाही. पियरे मॅसन यांनी १९२४ मध्ये या गाठीची सूक्ष्मरचना उलगडली. म्हणजे वैद्यकशास्त्राला ती शंभर वर्षं ठाऊक आहे.

तपासण्याही साध्या आहेत. टाचणीच्या डोक्याने नखावर बिंदूबिंदूने दाबत जायचं: एका जागी रुग्ण हात झटकते, शेजारी काहीच नाही. दुसरी, बोट बर्फाच्या पाण्यात धरून कळ येते का पाहणं. तिसरी रक्तदाबाच्या पट्ट्याची: हात उंच धरून पट्टा फुगवला, रक्त थांबलं, की दाबल्यावरही दुखत नाही, पट्टा सोडताच कळ परतते.

भारतातल्या हात-शल्यचिकित्सकांनी २००२ मध्ये १८ रुग्णांवर या तिन्ही तपासण्या ताडून पाहिल्या. टाचणीने एकही गाठ सुटली नाही, पण ज्यांना गाठ नव्हती त्यांनाही टाचणीने दुखलं. पट्ट्याने शंभरातल्या साधारण ७१ गाठी पकडल्या, मात्र गाठ नसताना कुणाला उगाच गोवलं नाही. थंडीची तपासणी दोन्ही बाजूंनी १०० टक्के खरी ठरली. अठरा हा आकडा लहान आहे, शंभर टक्क्यांवर फार विसंबू नये. पण टाचणीने संशय घ्यावा आणि पट्ट्याने तो पक्का करावा, एवढं तरी त्यातून कळतं. हे सगळं दहा मिनिटांचं काम, तेही कुठल्याही दवाखान्यात होण्याजोगं.

नंतर एमआरआय किंवा सूक्ष्म सोनोग्राफीने २-३ मिलिमीटरची गाठही बहुधा दिसते, नेमकी जागा कळते. उपचार एकच, शस्त्रक्रिया: बोट बधिर करून नख उचलतात आणि गाठ सोलून काढतात. थोडी जरी मागे राहिली तरी दुखणं परतू शकतं. तीन महिन्यांनंतरही कळ येत असेल तर पुन्हा एमआरआय करायला सांगावं. एकापेक्षा जास्त बोटांत अशा गाठी निघाल्या, तर अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का हेही पाहावं लागतं. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात त्या अनेक बोटांत होऊ शकतात.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या नखाखाली एकच जागा दुखत असेल आणि गार पाण्याने ती कळ वाढत असेल, तर पेनाने त्या जागेवर ठिपका काढा आणि त्वचारोगतज्ज्ञ किंवा हाताच्या सर्जनला तोच दाखवा. ‘ग्लोमस असेल का?’ असं स्वतःहून विचारा.