गांजाचा भाव काय म्हणतोय?

ऑगस्ट २०२३. नारळी पौर्णिमेला अजून पंधरवडा होता. आपण समुद्राला नारळ वाहण्याआधीच समुद्राने दापोलीकरांकडे भेट धाडून दिली. कर्दे ते लाडघरच्या पट्ट्यात वाळूवर पाकिटं सापडली, कस्टम्सने ती उघडून पाहिली तर आत चरस, म्हणजे गांजाच्याच झाडाची राळ. मग शोधाशोध सुरू झाली. केळशी, कोळथरे, मुरूड, बुरोंडी ते दाभोळ, पार गुहागरकडच्या बोऱ्यापर्यंत पाकिटं निघतच राहिली. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचा आकडा अडीचशे किलोच्या पुढे गेला. तसलीच पाकिटं गुजरातच्या किनाऱ्यावरही लागली होती.

अशा वेळी नाक्यावर प्रश्न एकच असतो: "केवढ्याचा असेल हो?"

त्याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. वाळूवर पडला होता तेव्हा त्या चरसाचा भाव शून्य. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कोट्यवधी. आणि न्यायालयाची परवानगी घेऊन भट्टीत घातला की पुन्हा शून्य! एकाच झाडाच्या मालाला इतके भाव कसे, हे कोडं सोडवायचं तर त्या झाडाचा सगळ्यात नवा अवतार बघावा. तो म्हणजे वेपची कार्ट्रिज. करंगळीएवढी काचेची नळी, आत मधासारखं घट्ट तेल. अमेरिकेत जिथे ती दुकानात उघड मिळते, तिथे एक ग्रॅमची नळी १५-२० डॉलरलाही आहे आणि शेजारच्याच फळीवर ५०-६० डॉलरलाही. आपल्याकडे तिला एमआरपीच नाही, कारण ती विकणं एका नव्हे, दोन कायद्यांनी गुन्हा आहे. त्याकडे येऊच.

नळी स्वस्त, तेल महाग

नळीचा खर्च किरकोळ. जगातली बहुतेक वेपची उपकरणं चीनमधल्या शेंझेनमध्ये बनतात. ई-सिगारेटही मूळची चीनचीच: होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने ती २००३ च्या सुमारास बाजारात येण्याजोगी केली. नळी बॅटरीवर ज्या आट्यांनी बसते, त्यांना जगभर 'पाचशे दहा' म्हणतात. एका जुन्या मॉडेलचा हा क्रमांक पुढे सगळ्या धंद्याचं माप होऊन बसला. त्यामुळे कुठलीही नळी बहुधा कुठल्याही बॅटरीवर बसते. मोबाइलच्या चार्जरवाल्यांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते इथे कुणी न ठरवता जमलं.

भाव ठरतो तो आतल्या तेलावर. सगळ्यात स्वस्त तेल म्हणजे ऊर्ध्वपातन करून काढलेलं डिस्टिलेट. त्यात नशेचं मुख्य रसायन, म्हणजे टीएचसी, ८०-९० टक्क्यांपर्यंत असतं, पण वास, चव, रंग जवळजवळ काहीच उरत नाही. कसलाही पाला, उरलासुरला चुरा, शिळा माल आणा. यंत्रातून निघाला की सगळा सारखाच. म्हणून तो स्वस्त. मग त्यात वास वरून घालतात, तोही बरेचदा संत्र्या-लिंबाच्या सालीसारख्या भलत्याच ठिकाणून आणलेला.

महागडं तेल याच्या उलट. 'लाइव्ह रेझिन'साठी झाड कापल्या कापल्या, न वाळवता थेट गोठवतात, म्हणजे वास उडून जात नाही. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर 'रोझिन'. त्यात कुठलंही रसायन न वापरता बर्फाच्या पाण्यात राळेचे कण झाडून, गाळून घेतात आणि मग गरम पट्ट्यांमध्ये दाबतात. माल भरपूर लागतो, तेल चमचाभर निघतं. गंमत म्हणजे या महाग तेलात टीएचसीची टक्केवारी बहुधा स्वस्त तेलापेक्षा कमीच असते! गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं ते नशेसाठी नाही, वासासाठी.

वासाची सोयरीक

वासाचा विषय निघाला आणि रत्नागिरीकर गप्प बसला असं होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हापूसच्या वासाचा घटकवार पंचनामा केला आहे. त्यात टर्पीन गटातलं ओसिमीन हे संयुग ठळकपणे पुढे आलं. हेच ओसिमीन गांजाच्या काही वाणांच्या वासातही सापडतं. मिर्सीन नावाचं दुसरं एक टर्पीन तर आंब्यात आणि गांजात दोन्हीकडे आहे. त्यावरून परदेशातल्या शौकिनांमध्ये समजूत पसरली आहे की आधी आंबा खाल्ला की नशा जास्त चढते. याला म्हणावा असा पुरावा नाही. तसं असतं तर मे महिन्यात आपला अख्खा जिल्हा झिंगलेला दिसला असता.

हापूसशी दुसरं साम्य नावाच्या भांडणाचं. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या नावाच्या खोक्यात बसतोच. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून गांजालाही असंच गावाचं नाव लावायची सोय केली. अट अशी की पीक उघड्या आकाशाखाली, जमिनीत वाढलेलं हवं. दिव्याखाली कुंडीत वाढवलेल्याला ते नाव नाही. बागायतदारांना यातली मेख लगेच कळेल.

खोका विकत मिळतो

नावाच्या भांडणाची काळी बाजू २०१९ मध्ये दिसली. अमेरिकेत तरणीताठी माणसं अचानक धाप लागून रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले, ६८ जण गेले. तपासात चोरट्या बाजारातल्या कार्ट्रिजवर बोट गेलं. तेल वाढवायला आणि तरी ते दाट दिसावं म्हणून त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलं जात होतं. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसातला द्रव तपासला, त्यातल्या ४८ जणांत ते सापडलं. हे द्रव्य त्वचेच्या मलमात चालतं, गोळीतून पोटात गेलं तरी चालतं, पण तापवून फुफ्फुसात ओढलं की घात करतं.

रुग्णांच्या तोंडी सर्वात जास्त आलेलं नाव होतं 'डँक व्हेप्स'. मोठी कंपनी असेल, असं वाटेल. तिथे कंपनीच नव्हती. होते ते फक्त छापील रिकामे खोके, ऑनलाइन विकत मिळणारे. कुणीही आणावे, काहीही भरावं. दुधात पाणी घालणारा भय्या त्यापुढे संत वाटावा.

रीतसर दुकानातली नळी महाग का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी: कीटकनाशकं, बुरशी, उरलेली रसायनं आणि शिसं-कॅडमियमसारखे जड धातू. हे धातू तेलातून येतात तसे नळीच्या धातूच्या भागातूनही उतरू शकतात.

सरकारचा वाटा

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे कर. वॉशिंग्टन राज्यात गांजावर ३७ टक्के अबकारी. इलिनॉयमध्ये टीएचसी ३५ टक्क्यांपर्यंत असेल तर १० टक्के, त्याच्या वर गेलं की २५ टक्के. म्हणजे कार्ट्रिज बिचारी कायम वरच्या वर्गात. कॅनडाचा हिशेब तर आपल्या वाण्याच्याही वरताण: तेलातल्या टीएचसीच्या दर मिलिग्रॅममागे एक सेंट. नळीत ८०० मिलिग्रॅम असेल तर ८ डॉलर सरकारने आधीच काढून ठेवले.

अमेरिकेत आणखी एक पाचर आहे. १९८१ मध्ये मिनिआपोलिसच्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने कर न्यायालयात दावा लावला: माझा धंदा बेकायदा असेल, पण तराजू, पुड्या, फोन, गाडीचं पेट्रोल हा खर्च तर खरा आहे ना, मग तो उत्पन्नातून वजा करा. आणि तो जिंकला! संसद इतकी चिडली की १९८२ मध्ये कायदाच बदलला. पुढे राज्यांनी गांजाची दुकानं उघडली तेव्हा ते कलम त्यांच्या मानगुटीवर बसलं: भाडं, पगार, जाहिरात, यातलं काहीच वजा होईना. केंद्राच्या कायद्यामुळे एका राज्याचा माल दुसऱ्या राज्यात नेताही येत नाही. ओरेगनमध्ये माल कुजेल इतका पिकला, भाव कोसळले, तरी सीमेपलीकडे गाडी नाही. प्रत्येक राज्य म्हणजे भिंत घातलेला वेगळा बाजार, म्हणून तीच नळी दर राज्यात वेगळ्या भावाने.

नशेच्या जोरावर कर लावायची ही युक्ती कुणा अमेरिकन अर्थतज्ज्ञाला सुचली असं मात्र समजू नका. इंग्रजांच्या राजवटीत बंगालमधल्या नौगावात गांजाचे तीन प्रकार व्हायचे. फुलांचे तुरे पायांनी तुडवून केलेला चपटा, पायाखाली वळून केलेला गोल आणि काड्या काढलेला चूर. चपट्यात देठं-काड्या जास्त, म्हणून त्यावर कर कमी. गोलावर त्याहून जास्त. चुरावर सगळ्यात जास्त, कारण त्यात नुसता मालच. इलिनॉयने शंभरावर वर्षांनी हेच केलं, फक्त पायाऐवजी प्रयोगशाळा आणली.

आपल्याकडचा माल तेव्हा नगर, सातारा, खानदेशातून यायचा. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याखाली त्याचे परवाने असत. १८९३ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात ओरड झाली की हिंदुस्थानात गांजाने माणसं वेडी होताहेत. सरकारने आयोग नेमला. त्याने गावोगावच्या ११९३ साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं उलटून तपासली आणि १८९४ मध्ये निष्कर्ष काढला की माफक सेवनाने सहसा बिघडत नाही; बंदी घालू नका, कर लावा, परवाने मोजके द्या, भाव चढा ठेवा. दारूबंदीवाल्यांनी मागितलेल्या चौकशीतून अबकारी खात्याचं चांगभलं झालं.

आपल्याकडचा तराजू

हे सारं १४ नोव्हेंबर १९८५ ला संपलं. त्या दिवसापासून अमली पदार्थांविरोधातला एनडीपीएस कायदा लागू झाला. नुसती पानं त्यातून वगळली, म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात; महाराष्ट्रात मात्र भांगेवर आपला १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच. कार्ट्रिजमधलं तेल कशात मोडतं? चरसाच्या व्याख्येत 'हशीश ऑइल' स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे त्या चकचकीत नळीतलं तेल आणि कर्द्याच्या वाळूवरचं ते ओलं पाकीट, कायद्याला एकच. शिवाय २०१९ च्या ई-सिगारेटबंदीने उपकरणच बाद केलं, आत निकोटिन असो वा नसो. ते बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं या पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता पंचनाम्यातल्या भावाकडे येऊ. धुळ्याकडे शिरपूर तालुक्यात कापसा-तुरीच्या आडोशाला लावलेला गांजा पोलीस दरवर्षी उपटतात. असा देशी गांजा मुद्देमालात किलोला दहा-वीस हजाराच्या घरात धरला जातो. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या बॅगांतून निघणारा 'हायड्रोपोनिक' गांजा मात्र किलोला साधारण एक कोटी! एक उन्हात वाढलेला, काड्या-बियांसकट पोत्यात भरलेला. दुसरा बंद खोलीत, दिव्यांखाली, एसीत वाढवून नुसती फुलं खुडलेला. हा फरक मान्य, पण शेकडो पटीचा? थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला तेव्हा गल्लोगल्ली दुकानं झाली आणि तिथले भाव उतरले. तेच पाकीट सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, उतरतं तेव्हा किमतीत विमानाची आणि तुरुंगाची जोखीम मिसळलेली असते. माझ्या मते त्या कोटीतला मोठा हिस्सा गांजाचा नाहीच.

आणि न्यायालय या कोटीकडे बघतही नाही. शिक्षा ठरते वजनावर. गांजा २० किलोच्या वर, चरस किलोच्या वर गेला की 'व्यापारी प्रमाण': दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी आणि किमान लाखाचा दंड. शिरपूरचा आणि बँकॉकचा गांजा एकाच पारड्यात. भेसळ केली म्हणून सूटही नाही. हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये सांगितलं की मिश्रणाचं सगळं वजन धरायचं, शुद्ध मालापुरतं नाही.

डॉलरवाल्यांसाठी

देवरुख-चिपळूणची पोरं आता सिएटल आणि सॅन होजेला असतात. घराखालच्या दुकानात नळ्या मांडलेल्या, पावती मिळते, कार्ड चालतं की नाही एवढाच प्रश्न (बरेचदा चालत नाही, बँका केंद्राच्या कायद्याला भितात). पण व्हिसा आणि नागरिकत्व देतं ते केंद्र सरकार, राज्य नव्हे. अमेरिकी नागरिकत्व खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी खुलासा केला: राज्यात मुभा असली तरी गांजाचं सेवन किंवा त्या उद्योगातली नोकरी 'चांगल्या वर्तणुकी'च्या आड येऊ शकते आणि नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ग्रीनकार्डाच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं काढलेल्याने ४० डॉलरच्या पावतीत हे कलमही वाचावं. आणि गणपतीला घरी येताना ती नळी चुकून बॅगेत राहिली, तर सहारला तिचा भाव डॉलरमध्ये विचारणारं कुणी भेटणार नाही.